निळ्या पिंपातली मुशी

"अख्खी? कापायची नाय?" लाडकीने कोयता हवेतच थांबवून विचारलं.

"अख्खी," चुरी सर म्हणाले. "डोक्यापासून शेपटीपर्यंत. एक पर इकडचा तिकडे होता कामा नये."

बोईसरच्या मासळीबाजारात सकाळी आठ वाजता कुणी साडेतीन फुटांची मुशी न कापता मागितली, की आजूबाजूच्या चार जणी आपलं गिऱ्हाईक सोडून बघायला लागतात. मुशी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा धाकटा शार्क. लोक तिचे तुकडे नेतात, कालवण करतात, हात धुतात आणि झोपतात. लाडकी किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून पाट्या घेऊन येते ती तीस वर्षं झाली, पण तिच्याकडेही अशी मागणी कधी आली नव्हती.

"पावने येनार हायत काय, सर?"

"पाहुणे कसले! शैक्षणिक काम आहे. सांगाडा काढायचाय हिचा. शाळेसाठी."

"मुशीचा सांगाडा?" लाडकी बघतच राहिली. "आवो सर, मी काय सांगते—"

"लाडकीबाई, मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय."

तिने मुशी गोणपाटात गुंडाळून दिली आणि शेजारणीकडे बघून डोळे फिरवले. ते सरांना दिसलं, पण अडाणी जगाकडे दुर्लक्ष करायची त्यांना सवय होती.

धर्मेश चुरी मूळचे इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीमचे, पण नोकरीपायी बोईसरकर झालेले. ज्या हायस्कुलात ते शिकवत तिथे जीवशास्त्राची एक खोली होती. एक प्लास्टिकचा मानवी सांगाडा, त्याला डावा हात नाही. बरणीतला एक बेडूक, तो इतका पांढरा पडलेला की पोरं त्याला पनीर म्हणत. तीन तक्ते, त्यातला एक वाळवीने निम्मा पचवलेला. पण खोली सरांची होती. तिची किल्ली त्यांच्या जानव्याला नसली तरी पँटच्या पट्ट्याला कायम असे. घरी हिमानीवहिनी म्हणत, "माझ्या वाढदिवसाची तारीख विसराल, पण किल्ली नाही विसरणार."

त्या खोलीवर गंडांतर आलं होतं. एका कंपनीने शाळेला रोबोटचं सामान आणि वीस संगणक द्यायचं कबूल केलं होतं आणि त्यासाठी खोली हवी होती. मुख्याध्यापिका दीपा मॅडम सरळ म्हणाल्या, "सर, तुमच्या खोलीत शेवटचा प्रयोग कधी झाला? मला आठवत नाही आणि बेडकालाही आठवत नसेल. कोळगावहून विस्तार अधिकारी येताहेत, अठरा दिवसांनी, शनिवारी. त्यांना दाखवण्यासारखा एक जिवंत उपक्रम असेल तर खोली तुमची. नाहीतर मी काही करू शकत नाही."

जिवंत उपक्रम! सर दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे दुसऱ्यांदा भात घेतला नाही. मग मोबाईलवर त्यांना एक परदेशी गृहस्थ दिसला. त्याने मेलेला मासा खताच्या मातीत पुरला, काही दिवसांनी माती झाडली आणि आतून पांढराशुभ्र, काटा न् काटा शाबूत असा सांगाडा निघाला. सर पलंगावर उठून बसले. तो परदेशी माणूस जेमतेम वीतभर माशावर खूश होता. आपण साडेतीन फुटी काढू! काचेच्या पेटीत, खोलीच्या मधोमध!

आता पुरायचा कुठे? शाळेच्या मैदानात कुत्री. सोसायटीत सगळी फरशी. उरली गच्ची. आणि गच्चीवर पुरायचं म्हणजे पिंप आलं. आपल्या बोईसरमध्ये निळ्या पिंपाला तोटा नाही. कारखान्यातून ती भंगारवाल्याकडे येतात आणि भंगारवाल्याकडून घरोघर जातात. पूर्वी त्यात काय होतं हे विचारायचं नसतं. लोक धुऊन त्यात पाणी भरतात, गहू भरतात, सरांच्या मेव्हण्याच्या लग्नात तर सरबतही त्यातच ढवळलं होतं. सरांनी आणलेल्या पिंपावर जुन्या लेबलाचा तुकडा होता आणि त्यावर कवटी व दोन हाडं. ती घासून निघेना. सांगाड्याच्या कामाला हे चिन्ह शोभूनच दिसतंय, असं म्हणून सरांनी घासणं सोडलं.

सोसायटीचे सेक्रेटरी मेहुलभाई तिसऱ्या मजल्यावर, बरोबर गच्चीखाली राहायचे. गच्चीवर काहीही ठेवायचं तर त्यांच्याकडे दोन प्रतींत अर्ज द्यावा लागे. सरांनी अर्ज लिहिला. वस्तू: पिंप, नग एक. आत काय: सेंद्रिय नमुना. उद्देश: शैक्षणिक. यात खोटं अक्षर नव्हतं बरं का. फक्त मुशी हा शब्द नव्हता. मेहुलभाईंच्या घरात अंडंसुद्धा कधी शिरलं नव्हतं आणि सरांना उगाच कुणाच्या भावना दुखवायच्या नव्हत्या.

"सेंद्रिय म्हणजे ऑर्गेनिक ना?" मेहुलभाई खूश. "अरे वा, साहेब! टमाटर लावा!"

झालं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'चुरी सरांची गच्चीवरची बाग' जाहीर झाली. कुणी म्हणालं मिरची लावा, कुणी म्हणालं आळू लावा. पहिल्या मजल्यावरचे देवूकाका स्वतः झारी घेऊन वर गेले आणि पाणी घालून आले. सर धावत वर गेले तोवर मेहुलभाईंच्या हिनाबेन पिंपातल्या मातीवर मेथी पेरून हात झटकत होत्या. "सर, माती अशी रिकामी सोडून काय उपयोग? पंधरा दिवसांत थेपले खाऊ घालते तुम्हाला."

सर हसले. खाली मुशी, वर मेथी.

पाचव्या दिवशी वास सुटला.

आता बोईसरच्या माणसाची एक खोड सांगतो. दुसऱ्या गावात वास आला की लोक मोरी बघतात, कचऱ्याचा डबा बघतात, उंदीर शोधतात. बोईसरचा माणूस आधी वाऱ्याची दिशा बघतो. वारा औद्योगिक वसाहतीकडून असला की निकाल लागला. घरात मेलेली घूस असली तरी तो म्हणणार, "आज कुणीतरी गॅस सोडलाय." सरही याला अपवाद नव्हते. तळमजल्यावर वास पोचला तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, "हिमानी, हे कारखानेवाले एक दिवस आपल्याला मारणार."

सोसायटीतलं अंतिम नाक म्हणजे देवूकाका. तीस वर्षं प्लँटमध्ये ऑपरेटर होते. कुठलाही गॅस मीटरच्या आधी आपल्याला कळतो असा त्यांचा दावा. ते आवारात मधोमध उभे राहिले, डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला आणि खोकत खोकत म्हणाले, "अमोनिया. शंभर टक्के अमोनिया. कुठल्या तरी लाइनला गळती आहे. मी सही करून देतो."

लोकांचे डोळे चुरचुरत होतेच. सभा भरली. तक्रार करायची ठरलं. पण तक्रार शास्त्रीय भाषेत हवी, नाहीतर सरकार वाचत नाही. ती कोण लिहिणार? सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

आणि चुरी सरांनी ती लिहिली. काय लिहिली! 'निष्पाप नागरिकांच्या श्वसनसंस्थेवर होणारा हा निर्घृण हल्ला' हे वाक्य वाचताना तर मेहुलभाईंचा आवाज भरून आला. 'अज्ञात अपराध्याचा तातडीने शोध घेऊन त्यास कठोर शासन व्हावे' या शेवटच्या ओळीवर टाळ्या पडल्या. सरांनी खाली लफ्फेदार सही केली. आपल्याच मुशीविरुद्ध सरकारकडे तक्रार करणारा माणूस महाराष्ट्रात दुसरा नसेल.

दुसऱ्या दिवशी हिनाबेन रडत खाली आल्या. मेथी मेली होती. दोन पानांवर आलेली कोवळी मेथी रात्रीतून पिवळी पडून आडवी झाली होती. "विष आहे हवेत, विष!" त्या म्हणाल्या. सर त्यांचं सांत्वन करायला म्हणून वर गेले, पिंपाजवळ पोचले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते मेथीसाठी नव्हतं. एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे एक छापील पान उभं राहिलं. मुशीच्या रक्तात आणि मांसात युरिया असतो. मासा कुजला की त्याचा अमोनिया होतो. हे ते स्वतः दरवर्षी शिकवत. परीक्षेला विचारत. न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापत.

सरांनी नाकाला रुमाल लावला.

सांगायला पाहिजे होतं. पण शनिवारला नऊ दिवस होते. आत्ता सांगितलं तर मेहुलभाई पिंप रस्त्यावर फेकतील, सांगाडा जाईल, सांगाड्याबरोबर खोली जाईल. नऊ दिवस गप्प राहायचं, सांगाडा काढायचा, पिंप धुऊन टाकायचं, वास आपोआप जाईल, कारखान्यांवर कुणी खटला थोडाच भरतोय? सरांनी मातीचा आणखी एक थर दिला आणि वर फिनेलच्या गोळ्या टाकल्या. त्यामुळे वासात भर पडली, एवढंच.

पण चार दिवसांनी गेटवरचा वॉचमन मिथुन सहज बोलला, "साब, मेरा भाई दो दिन से घर बैठा है. आपकी सोसायटी ने कंप्लेन दिया ना, तो मैनेजर ने लाइन बंद करके सब पाइप खोल के देखा. ठेके वाले लोग को बोला, जाओ, बाद में आना. पाइप में कुछ निकला ही नहीं."

सरांच्या घशाखाली घास उतरेना. या वेळी खरोखरच उतरेना. वहिनींनी विचारलं तर म्हणाले, "पित्त." शुक्रवारी संध्याकाळी मनाचा हिय्या करून ते मेहुलभाईंचं दार वाजवायला गेले. "मेहुलभाई, एक कबुली द्यायची होती," एवढं म्हणाले. तेवढ्यात हिनाबेन चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या पत्रामुळे उद्या प्रदूषणवाले साहेब येणार आहेत, आख्खी बिल्डिंग तुमचं नाव घेते." सर दोन कप चहा पिऊन परत आले.

शनिवार उजाडला. अकराला विस्तार अधिकारी शाळेत येणार होते. सरांनी ठरवलं होतं, सकाळी नऊला गुपचूप पिंप उतरवून टेम्पोत घालायचं. नऊ वाजता प्रदूषणवाल्यांची जीपच गेटात शिरली.

साहेबांकडे मीटर होता. तो आवारात नुसता कुरकुरत होता, पहिल्या मजल्यावर टिकटिकायला लागला, तिसऱ्या मजल्यावर ओरडायला लागला आणि गच्चीवर त्याने आकांत मांडला. साहेबांना निळं पिंप दिसलं. पिंपावर कवटी आणि हाडं. वर मातीतून डोकावणारी मेलेली मेथी. साहेबांचा चेहरा पडला. कुणीतरी बेकायदा केमिकल भरून ठेवलंय असंच कुणालाही वाटलं असतं. त्यांनी खाली फोन केला, शिटी वाजवली आणि पाच मिनिटांत सगळी इमारत रिकामी. हिमानीवहिनींच्या हातात अर्धी लाटलेली पोळी तशीच. मेहुलभाई सोवळ्यात. देवूकाका मात्र सुखाने न्हाऊन निघाले होते, जो दिसेल त्याला सांगत होते, "मी सांगितलं नव्हतं? शंभर टक्के!"

"गाडी मागवलीय," साहेब म्हणाले. "पिंप सीलबंद करून विषारी कचऱ्यात नेऊन जाळायचं. आणि ज्याचं असेल त्याच्यावर गुन्हा."

जाळायचं! सरांना समोर काचेची पेटी दिसली, तिच्यात जळकी माती. मग गेटाशी उभा असलेला मिथुन दिसला. सरांनी शर्ट खोचला आणि पुढे झाले.

"साहेब, त्या पिंपाशी माझा संबंध आहे. त्यात कुठलंही औद्योगिक रसायन नसून पृष्ठवंशीय वर्गातील एका जलचर प्राण्याचं जैविक विघटन, अध्यापनाच्या हेतूने, नियंत्रित परिस्थितीत—"

"काय म्हणतात हे?" साहेबांनी मेहुलभाईंना विचारलं. मेहुलभाईंनी खांदे उडवले.

"मुशी पुरलीय त्यानी!" गर्दीतून आवाज आला. लाडकी होती. शनिवारी ती पाटी घेऊन सोसायट्यांत फिरते, आज गेटावर गर्दी बघून थांबली होती. "गॅस कसला न् काय कसला! मुशी कुजलीय. मला तर नाक्यावरच कळलं. माज्याकडनंच नेली सरांनी, अख्खी."

मेहुलभाई हळूच म्हणाले, "मुशी म्हणजे... मच्छी?" आणि हिनाबेनना कठड्यावर बसवावं लागलं. देवूकाका तेवढे मान वर करून म्हणाले, "पण अमोनिया होताच ना?"

मिथुनने सरांकडे बघितलं. सर त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "तुझ्या भावाच्या कारखान्यात मी स्वतः जाऊन सांगतो. आजच. चूक माझी आहे." बावीस वर्षांत सरांनी हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं असावं, कारण वहिनींच्या हातातली पोळी खाली पडली.

साहेब कागदाशिवाय काही मानायला तयार नव्हते. शैक्षणिक काम असेल तर शाळेने तसं सांगावं. सरांनी दीपा मॅडमना फोन लावला. शाळा दोन गल्ल्या पलीकडे. विस्तार अधिकारी अर्धा तास आधीच येऊन बसलेले आणि तिथला चहा संपलेला. ते म्हणाले, उपक्रम येत नसेल तर आपण उपक्रमाकडे जाऊ. वीस मिनिटांत मॅडम, अधिकारी आणि दहावी 'ब'ची पंचेचाळीस पोरं रांगेने नाक धरून आवारात दाखल झाली.

पिंप खाली आणलं. ताडपत्रीवर उपडं केलं. सरांनी हातमोजे चढवले. सगळं गेलं होतं. शेजाऱ्यांची मर्जी गेली, इज्जत गेली, पण मातीत अजून सांगाडा होता. त्यांचा आवाज पुन्हा वर्गातला झाला.

"मुलांनो, आता तुम्हाला दिसेल तो पाठीचा कणा. त्याला जोडलेल्या फासळ्या."

त्यांनी माती बाजूला केली. खाली माती. ती बाजूला केली. चिकट काळी माती. खडबडीत कातड्याचं एक फडकं निघालं. मूठभर दात निघाले. काही मऊ पांढरट चकत्या निघाल्या, त्या चिमटीत धरल्यावर चुरगळल्या. सरांनी कोपरापर्यंत हात घातले. पिंपात डोकं घातलं. पिंपाच्या तळाशी बोटं फिरवली.

हाड नव्हतं. एकही नव्हतं.

"चोरलं कुणीतरी," सर पुटपुटले.

"काय चोरलं?" लाडकी पाटी उतरवून पुढे आली. "सर, मुशीला हाडं कदी होती? मी तवा तेच तर सांगत होते. बाळंतिणीला आन दात न आलेल्या पोराला आमी मुशी का देतो? घशात काटा अडकत नाय म्हनून! तुमी माहीमचे ना? तुमच्या आईने नाय दिली काय?"

दिली होती. आईने ताटाशी बसून हाताने कुस्करून भरवली होती. सरांना चवसकट आठवलं.

आणि मागून दहावी 'ब' एका सुरात, पाढे म्हणावेत तशी बोलली, "मुशीचा सांगाडा कूर्चेचा असतो! आपल्या नाकाच्या शेंड्यासारखा! दोन गुणांसाठी!"

त्याच छापील पानावर होतं. युरियाच्या खाली, पुढच्याच ओळीत. सर ताडपत्रीवर बसले. चिखलात बरबटलेले, गुडघे पोटाशी घेऊन. त्यांना हसू आलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग आख्खे सर. दीपा मॅडमनी "अहो सर" म्हणून हाक मारली, पण ते थांबेनात. शेवटी डोळे पुसून त्यांनी त्यातला एक दात उचलला.

"हा कसा टिकला? सांगा."

एक हात वर झाला. मग सात. हाडं नाहीत तर मुशी वाकत कशी नाही? वास अमोनियाचाच का? बांगड्याला का येत नाही? मेथी का मेली, खत तर चांगलं असतं ना? सर एकाचं उत्तर देईपर्यंत दुसरं पोर चिखलात हात घालून काहीतरी उचलत होतं. कुणाचंही नाक आता धरलेलं नव्हतं. लाडकीने पाटीतला एक बोंबील आणि एक बांगडा काढून शेजारी ठेवला, "हा बगा, याला काटा हाय." मिथुनही वाकून बघत होता. विस्तार अधिकारी तासभर उभे होते आणि चहा कुणी आणला तोही त्यांनी घेतला नाही.

पंचनामा प्रदूषणवाल्या साहेबांनी केला. गुन्हा टळला, समज दिली. मातीचा नमुना तपासणीला पाठवला. पिंप राहत्या इमारतीत नको म्हणून त्यांनी लिहिलं: 'सदर पिंप शाळेच्या जीवशास्त्र कक्षात ठेवावे. अहवाल येऊन पुढील आदेश होईपर्यंत ते जागेवरून हलवू नये व कक्षाचा वापर अन्य कामासाठी करू नये.' खाली शिक्का.

दीपा मॅडमनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे रोबोट?"

"मला काय विचारता, मॅडम?" चुरी सर म्हणाले. "सरकारी आदेश आहे."

रोबोट वाचनालयात गेले. सरांनी कारखान्यात जाऊन दोन तास उभं राहून माफी मागितली, हिनाबेनना नवी मेथी पेरून दिली, साध्या मातीत, आणि तरी त्यांच्याकडचा चहा बंद झाला तो झालाच.

पाच महिने झाले. परवा सर दहावीचा तास घेत होते. खोलीत खडूचा आणि पोरांच्या डब्यांचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता. कपाटावर कुणी आणलेलं खेकड्याचं कवच, कुणी आणलेली सुगरणीची दोन घरटी, एका पोरीने दातिवऱ्याच्या मामाकडून आणलेला माकुलाचा, म्हणजे समुद्रातल्या दहापायी जीवाचा, पांढरा कणा. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसातला क्लार्क होता.

"ते पिंपाचं प्रकरण हो, सर. अहवाल आलाय, त्यात काही नाही. वास गेला असेल तर आज फाइल बंद करतो आणि खोली मोकळी करायचं पत्र काढतो. गेला ना वास?"

सरांनी फोन कानाशी धरून छाती भरून श्वास घेतला. आयुष्यात कुणाचा अर्धा गुण न सोडलेला माणूस तो.

"छे हो साहेब," ते म्हणाले, "इथे उभं राहवत नाही."

आणि पंचेचाळीस पोरांनी, कुणीही न सांगता, गपकन नाकं धरली.